पाळकाचा संसार आणि श्रद्धेचा ताळेबंद

इंग्रजीतील ‘मिनिस्टर’ या एका शब्दासाठी मराठीत दोन वेगवेगळे शब्द योजावे लागतात. राज्यकारभार पाहणारा तो मंत्री आणि चर्चमधील उपासना चालवून मंडळीची काळजी वाहणारा तो पाळक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे : सेवक. हे दोन्ही प्रकारचे सेवक अधूनमधून वर्तमानपत्रांतून आत्मचिंतन करीत असतात. आपली श्रद्धा काय आहे, वर्तमानपत्रांविषयी आपल्याला काय वाटते, दिवसभराच्या धकाधकीत आपण मनःशांती कशी राखतो, हे ते वाचकांना सांगतात. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि अलीकडे दूरचित्रवाणीवरील मुलाखतींतही असे चिंतन पुष्कळ आढळते. वाचक ते वाचतो, क्षणभर भारावतो आणि मग त्याच्या मनात एक शंका डोकावते. हे सगळे खरे कशावरून?

ही शंका उद्धटपणाची नाही. माणसाने स्वतःच्या श्रद्धेविषयी दिलेली साक्ष ही एकतर्फी साक्ष असते. तिची उलटतपासणी कोण घेणार? अनुयायी घेणार नाहीत, कारण ते आधीच पटलेले असतात. विरोधकांची उलटतपासणी हेतुपूर्वक असते. ती घेण्याचा खरा अधिकार अशा माणसाला असतो, की ज्याने ती श्रद्धा रोज जवळून पाहिली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. मराठीत अशी एक उलटतपासणी झालेली आहे. ती एका पाळकाची आहे आणि ती घेणारी व्यक्ती त्याची पत्नी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयी मी बोलत आहे.

रे रोडवरून पाहताना

प्रस्तुत लेखक रे रोडला राहतो. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्याला मिळाले. १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून निघालेली हार्बरची आगगाडी प्रथम येथपर्यंत आली आणि पुढली काही वर्षे येथेच थांबत होती. १९२५ साली विजेची गाडी बोरीबंदरापर्यंत धावू लागली, तेव्हा रे रोड हे शेवटचे स्थानक राहिले नाही. दारुखान्यातील जुन्या लोखंडाचे ढीग, बंदराची गोदामे, मालमोटारींच्या रांगा आणि त्यांच्या मध्ये कशीबशी उभी असलेली वस्ती, असा हा भाग. देवस्थानांची मात्र येथे वाण नाही. घोडपदेवाचे देऊळ जवळ आहे, माझगावात आगाखानी जमातीचे हसनाबाद आहे, डॉकयार्डच्या बाजूला चिनी लोकांचे छोटेसे मंदिर आहे आणि भायखळ्याला ग्लोरिया चर्चचे उंच मनोरे आहेत. सकाळी पाळीवर जाणारा माणूस यांपैकी कशापुढे तरी हात जोडतो आणि घाईने गाडी पकडतो. त्याच्या श्रद्धेविषयी कोणी त्याची मुलाखत घेत नाही.

येथून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर भायखळ्याचे सर जे. जे. रुग्णालय आहे. तेथे ९ मे १९१९ रोजी टिळकांनी देह ठेवला. त्यापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १० फेब्रुवारी १८९५ रोजी, याच मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या ख्रिस्ती आयुष्याची दोन्ही टोके अशी याच शहरात आहेत. मधली वर्षे बहुतांशी अहमदनगर, राहुरी आणि सातारा या बाजूला गेली.

टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. चित्पावन ब्राह्मणाच्या घरात जन्मलेले, कीर्तन-पुराणात रमणारे, शीघ्रकवी आणि कमालीचे अस्थिर. एका गावी नोकरी धरावी, काही महिन्यांत सोडावी, न सांगता घरातून निघून जावे, असा त्यांचा क्रम होता. नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली. टिळकांनी ती पेन्सिल हातात घेऊन वाचावयास सुरुवात केली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. पुढे ते पाळक झाले. १९०४ साली त्यांना रीतसर दीक्षा मिळाली. तथापि वारकरी संतांशी असलेला त्यांचा धागा तुटला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन रुजविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

मिशनचे पत्र आणि संपादकाची लेखणी

टिळकांचा वर्तमानपत्राशी संबंध आला तो ‘ज्ञानोदय’च्या रूपाने. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेले हे पत्र. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा त्याचा उघड हेतू होता आणि तो कधी लपविला गेला नाही. परंतु एखाद्या पत्राचा हेतू आणि त्याचे कार्य यांत पुष्कळदा अंतर पडते. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली याच ‘ज्ञानोदया’त छापला गेला. त्या काळच्या प्रतिष्ठित समाजात त्या मुलीचे म्हणणे ऐकून घेण्यास कोणी तयार झाले नसते. मिशनच्या पत्राने तिला जागा दिली, त्यामागे मिशनचा हेतू होताच. पण तो हेतू आज इतिहासजमा झाला आहे आणि निबंध उरला आहे.

या पत्राच्या मराठी विभागाचे संपादकत्व टिळकांकडे १९१२ पासून अखेरपर्यंत होते. त्यांचे कितीतरी भक्तिपर अभंग या काळात लिहिले गेले. येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. या पत्राचा खर्च कोण करीत होते?

प्रश्न क्षुल्लक नाही. वर्तमानपत्राची छापील किंमत आणि त्याचा उत्पादनखर्च यांत नेहमीच अंतर असते. ते अंतर कोणीतरी भरून काढतो. आजच्या दैनिकांत ते जाहिरातदार भरतो, पक्षाच्या मुखपत्रात पक्ष भरतो, धर्मसंस्थेच्या पत्रात धर्मसंस्था भरते. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या मजकुराचीही किंमत असतेच. ती आपल्या वेळेच्या आणि आपल्याविषयीच्या माहितीच्या रूपाने आपण चुकवितो. जो हे अंतर भरून काढतो तो प्रत्येक ओळ सांगत नसेल, परंतु कोणत्या ओळी लिहू नयेत हे संपादकाला न सांगताही कळते. मिशनच्या पैशावर चालणाऱ्या पत्राचा संपादक आणि मिशनचा पगारी पाळक या दोन्ही नात्यांनी टिळकांना हे बंधन जाणवणे अपरिहार्य होते. ते कट्टर देशाभिमानी होते. परदेशी मिशनरी आणि येथील ख्रिस्ती यांच्यातील मायबापपणाचे नाते त्यांना सलत असे. भारतातील चर्च भारतीयांनी आपल्या पद्धतीने आणि आपल्या बळावर चालवावे, ही त्यांची तळमळ होती. मग पगार परदेशी मिशनचा आणि स्वप्न स्वदेशी चर्चचे, हा मेळ कसा बसणार?

टिळकांनी १९१७ साली त्याचे उत्तर दिले. त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. श्रद्धेला पगाराच्या बंधनातून मोकळे करण्याचा हा प्रयत्न होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत ते गेले, त्यामुळे हा प्रयोग पुढे कोठवर गेला असता हे सांगणे कठीण आहे. परंतु आपले बोलणे आणि आपली भाकरी यांच्यातील नाते ज्याला बोचले आणि ज्याने ते बदलण्याचे धैर्य दाखविले, असे सेवक दोन्ही अर्थांच्या ‘मिनिस्टर’ मंडळींत फार थोडे निघतील.

दुसरी खतावणी

गोष्ट येथेच संपविली तर ती एका त्यागी पुरुषाची कथा होईल आणि आपण ती आदराने बाजूला ठेवू. वर्गात ‘पर्यायी खर्च’ ही संकल्पना शिकविताना मी एकदा टिळकांच्या या राजीनाम्याचे उदाहरण दिले. एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती त्या निवडीची खरी किंमत, असा या संकल्पनेचा आशय. टिळकांनी पगार सोडला, म्हणजे तो पगार ही त्यांच्या निवडीची किंमत, असे मी सांगितले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, “सर, किंमत त्यांनी मोजली की त्यांच्या घरच्यांनी?” वर्ग हसला. मला मात्र काही सुचले नाही, आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हा सुटल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ‘स्मृतिचित्रे’त आहे. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचे सोवळे टोकाचे. त्या सोवळ्याच्या धाकात त्यांचे बालपण गेले. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि त्या अशा घरात आल्या, की जेथे नवरा उद्या कोठे असेल याची खात्री नसे. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर जे कोसळले त्याची आज कल्पना करणे कठीण आहे. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला होता आणि पदरात लहान मुलगा होता. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी चार-साडेचार वर्षे काढली. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. टिळकांना मिळालेल्या शांतीचा हा खर्च होता आणि तो टिळकांच्या नावे पडलेला नव्हता.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. प्रारंभी त्यांनी आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवली. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे, देवाने नव्हे, हे त्यांना पटले ते आपल्या विचाराने आणि आपल्या वेळी. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरपटत गेलेल्या स्त्रीची ही गोष्ट नाही. त्यांनी पाच वर्षे उशीर केला, आणि मला वाटते त्या उशिरातच त्यांच्या श्रद्धेचा अस्सलपणा आहे.

संसाराची ओढाताण मात्र संपली नाही. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. समोर गरजू दिसला की हातातले देऊन मोकळे व्हावयाचे, मग घरात सांजेला काय शिजणार याचा विचार नाही. दुष्काळात उघडी पडलेली, आईबापांवेगळी झालेली मुले घरात येत आणि घरचीच होऊन राहत. बालकवी ठोमरेही या कुटुंबात मुलासारखे वावरले. टिळक माणसे जोडीत आणि त्यांच्या ताटांची संख्या लक्ष्मीबाई मोजीत. नगरला प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या छावणीत जाऊन सेवा करण्यासही त्या मागे राहिल्या नाहीत. त्यागाचे निर्णय एकाने घेतले आणि अंमलबजावणी दुसरीने केली, असा या संसाराचा हिशेब दिसतो. १९१७ साली मिशनचा पगार सुटला तेव्हाही तसेच झाले. देशाच्या अर्थसंकल्पात जे अनेकदा घडते, तेच येथे घरात घडलेले दिसते. घोषणा वरून होते आणि तरतूद खालच्याला करावी लागते.

हिशेब ठेवणारीची दृष्टी

एवढे सगळे असूनही ‘स्मृतिचित्रे’ हे तक्रारीचे पुस्तक झालेले नाही, आणि हीच त्याची थोरवी आहे. १९३४ ते १९३६ या काळात ते भागशः प्रसिद्ध झाले. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईही गेल्या. शाळेत न गेलेल्या या बाईचे गद्य आज मराठीतील उत्तम गद्यांत गणले जाते. नवऱ्याचा संताप, विसराळूपणा, उधळेपणा, त्याची हट्टी माया यांतले काहीही त्यांनी झाकले नाही. त्याच वेळी त्याला लहानही केले नाही. ज्या प्रसंगी दुसरी कोणी रडली असती, तेथे त्या हसतात आणि वाचकालाही हसवितात. वाचून झाल्यावर टिळकांविषयीचा आपला आदर कमी होत नाही. उलट अभंगांतून दिसणाऱ्या भक्तापेक्षा हा रागावणारा, पश्चात्ताप करणारा, रिकाम्या हाताने घरी परतणारा माणूस आपल्याला अधिक जवळचा वाटू लागतो.

अर्थात एक आक्षेप येथे घेता येईल. प्रत्येक थोर माणसाची परीक्षा त्याच्या स्वयंपाकघरातून घ्यावयाची ठरविली तर कोण उत्तीर्ण होईल? संसार सोडणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. घरदाराचा हिशेब करीत बसले असते तर संत झाले नसते आणि सुधारकही झाले नसते. या म्हणण्यात तथ्य आहे. टिळकांनी पगार सांभाळला असता, घरी वेळेवर वाणसामान आणले असते, तर मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचे भजन कदाचित मिळाले नसते. परंतु उत्तीर्ण होणे न होणे हा येथे मुद्दा नाही. त्यागाची किंमत कोणी मोजली याची नोंद व्हावी, एवढाच मुद्दा आहे. धंद्याच्या हिशेबात जमेची आणि खर्चाची अशा दोन बाजू असतात. आपल्या चरित्रलेखनात जमेची बाजू नायकाच्या नावे लिहिली जाते आणि खर्चाची बाजू कोरी ठेवली जाते. लक्ष्मीबाईंनी ती बाजू भरली आणि तरीही ताळेबंद प्रेमाने जुळविला. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

आणखी एक गोष्ट टिळकांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली ती टिळकांनीच. शिकवितानाही त्यांचा पारा चढे, आणि लक्ष्मीबाईंनी तेही लिहून ठेवले आहे. पण शिकविले हे खरे. आपला हिशेब तपासू शकेल अशा व्यक्तीच्या हाती त्यांनी स्वतः लेखणी दिली. किती सत्ताधारी, किती धर्मोपदेशक असे करतील? बहुतेकांचा कल उलट दिशेचा असतो. आपल्याविषयी लिहिणारा आपल्याच पदरी असावा, अशी त्यांची इच्छा असते.

आपण काय मागावे

एखाद्या मंत्र्याचे वा धर्मगुरूचे श्रद्धेवरील चिंतन पुढच्या वेळी समोर आले, की ते टवाळीने फेकून देऊ नये आणि भारावूनही जाऊ नये. काही साधे प्रश्न विचारावेत. हे बोलण्याचा खर्च कोण करीत आहे? या श्रद्धेपायी बोलणाऱ्याने काही सोडले आहे काय, आणि सोडले असेल तर त्याची झळ कोणाला लागली? त्याच्या घरातले माणूस, त्याच्या कार्यालयातला शिपाई, त्याच्या मोटारीचा चालक यांना असेच निर्भयपणे लिहू दिले, तर ते काय लिहितील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चौकशी करून मिळू शकतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा मिळणार नाही. पण तो प्रश्न मनात ठेवून वाचले तरी वाचण्यात फरक पडतो.

आणि हे प्रश्न केवळ मोठ्यांना विचारून भागणार नाही. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, आपण सारेच कोणत्या ना कोणत्या निष्ठेच्या नावाखाली घरच्यांकडून काहीतरी उसने घेत असतो. कोणी संघटनेसाठी संध्याकाळ देतो, कोणी अभ्यासासाठी, कोणी भजनीमंडळासाठी. मीही उत्तरपत्रिका आणि लेख यांच्या निमित्ताने घरातील कितीतरी रविवार खर्ची घातले आहेत आणि ते आपल्याच खात्यावर जमा धरले आहेत. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही, त्याचे कारण कदाचित हेच असावे.

पुढच्या वर्षी तोच धडा शिकविताना मी उदाहरण तेच ठेवले, पण फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर टिळकांचे नाव लिहिले, दुसऱ्यावर लक्ष्मीबाईंचे, आणि कोणी काय सोडले ते विद्यार्थ्यांनाच भरावयास सांगितले. दुसरा रकाना आधी भरला.